सिकलसेलची मुलं मोजलीत, आता त्यांच्या मेंदूतला रक्तप्रवाहही मोजा

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई
तसेच
राज्यातील जैववैद्यकीय अभियांत्रिकीचे प्राध्यापक, संशोधक आणि विद्यार्थी

विषय: सिकलसेलग्रस्त मुलांसाठी मेंदूच्या डॉप्लर तपासणीची (टीसीडी) सोय तालुक्यापर्यंत नेण्याबाबत

स. न. वि. वि.

पाच-सहा वर्षांच्या पोराला लकवा मारतो हे ऐकायलाही विपरीत वाटतं. ज्या घरांत ‘एसएस पॅटर्न’ (आई-वडील दोघांकडून सिकलसेलचं जनुक आलेला, प्रत्यक्ष आजार) हा शब्द रोजच्या बोलण्यात आहे, तिथे मात्र हे घडतं. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारामुळे लहान मुलांना येणारा हा झटका वैद्यकशास्त्रातल्या अशा मोजक्या झटक्यांपैकी आहे, ज्यांची चाहूल आधी लागू शकते. सुई नाही, क्ष-किरण नाहीत, भूल नाही. कानाच्या पुढे, कानशिलावर ध्वनिलहरी सोडणारा एक छोटा प्रोब ठेवायचा आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग मोजायचा. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. गेल्या २५ वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट सिद्ध झालेली आहे. तरीही आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयात किंवा तालुक्याच्या ठिकाणी ही तपासणी नियमाने होताना मला दिसत नाही. म्हणून हे पत्र.

मी विदर्भात वाढले. रुग्णालयांतली यंत्रं चालू ठेवणं हे माझं काम आहे: सोनोग्राफी, ईसीजी, मॉनिटर, व्हेंटिलेटर. मी डॉक्टर नाही, त्यामुळे उपचारांबद्दल इथे लिहिते ते प्रसिद्ध आणि मान्य अभ्यासांपुरतंच. यंत्रांबद्दल मात्र मी हक्काने बोलते.

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांमध्ये झाली. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या, नागपूरकडच्या रुग्णांवरचा निबंध प्रसिद्ध केला. म्हणजे हा आजार आपल्या दारात आहे हे आपल्याला साडेसहा दशकं ठाऊक आहे. गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा, आणि विदर्भातला मोठा बौद्ध समाज, या सगळ्यांच्या घरांत तो आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झालं. ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं त्याचं उद्दिष्ट आहे. आशाताई, एएनएम आणि लॅब टेक्निशियन यांनी आश्रमशाळा, पाडे आणि आठवडी बाजार गाठून जे काम उभं केलं, त्याबद्दल माझ्या मनात निखळ आदर आहे. त्यांच्यामुळेच आज कोणतं मूल एसएस आहे हे आपल्याला माहीत आहे. पण तपासणीचं कार्ड हातात पडल्यावर त्या मुलाच्या मेंदूचं काय चाललंय, हा प्रश्न कोणाच्या रकान्यात येत नाही.

मेंदूत काय होतं ते थोडक्यात सांगते. कोयत्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी फक्त बारीक केशवाहिन्यांतच अडकत नाहीत. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्यांच्या, म्हणजे अंतर्गत कॅरोटिड आणि तिच्यापासून फुटणाऱ्या मिडल सेरेब्रल धमनीच्या अस्तराला त्या वर्षानुवर्षं इजा करत राहतात. अस्तर जाड होतं आणि वाट अरुंद होते. शेताच्या पाटात मध्येच माती साचून तोंड बारीक झालं की तिथलं पाणी उसळून पळतं. धमनीत नेमकं तेच होतं. त्यातच या मुलांचं हिमोग्लोबिन ७-८ च्या आसपास असतं. प्राणवायूची तूट भरून काढायला मेंदू आधीच जास्त रक्त ओढून घेत असतो, त्यामुळे अडीअडचणीला वाढवायला काही शिल्लक राहत नाही. मग साधा ताप, छातीतला संसर्ग किंवा हिमोग्लोबिनची अचानक घसरण एवढं निमित्तही पुरतं.

हा वाढलेला वेग कवटीबाहेरून मोजता येतो, हे १९८२ मध्ये रुने ऑस्लिड यांनी दाखवलं. कवटीचं हाड ध्वनिलहरी गिळून टाकतं, पण कानशिलावर ते पातळ असतं. नेहमीच्या सोनोग्राफीपेक्षा कमी वारंवारतेच्या, २ मेगाहर्ट्झच्या लहरी तिथून आत जाऊन परत येतात. लहान मुलांचं हाड तर आणखी पातळ, त्यामुळे त्यांच्यात ही खिडकी सहसा चांगली मिळते. पुढे अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा इथे रॉबर्ट ॲडम्स यांनी सिकलसेलच्या मुलांवर हे तंत्र वापरलं. ज्यांच्या धमनीत रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त होता, त्यांना झटका येण्याचा धोका वर्षाला सुमारे १० टक्के निघाला. त्यावरून ‘स्टॉप’ ही चाचणी उभी राहिली. २ ते १६ वर्षांच्या जवळपास २ हजार मुलांची डॉप्लर तपासणी झाली आणि त्यातली जास्त धोक्याची १३० मुलं निवडली गेली. अर्ध्यांना नियमित रक्त चढवून सिकल हिमोग्लोबिन ३० टक्क्यांच्या खाली ठेवलं, बाकीच्यांना नेहमीचे उपचार दिले. नेहमीच्या उपचारांच्या गटात ११ मुलांना झटका आला, रक्त घेणाऱ्या गटात एका मुलाला. फरक इतका उघड होता की चाचणी ठरल्या वेळेआधीच, १९९७ मध्ये थांबवण्यात आली आणि १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के घट! मेंदूच्या आजारांत असा आकडा क्वचितच पाहायला मिळतो.

आता अभियंत्यांनो, तुमच्याशी.

या यंत्राचं गणित करून पाहा. २ मेगाहर्ट्झची लहर, शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर, आणि रक्त सेकंदाला २ मीटर वेगाने प्रोबकडे येतंय. डॉप्लरचा फरक, म्हणजे सोडलेल्या आणि परतलेल्या लहरीच्या वारंवारतेतला फरक, येतो साधारण ५२०० हर्ट्झ. निरोगी मुलात वेग सेकंदाला ९० सेंटिमीटरच्या आसपास असतो, तिथे तो येतो २३०० च्या जवळपास. म्हणजे ज्या खुणेवर एका मुलाचं पुढचं आयुष्य ठरणार आहे, ती खूण माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यातली आहे. मोबाइलमधली ध्वनीची चिप हाताळते तेवढ्याच वारंवारतेचं हे काम. पाच सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परत यायला ६५ मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे सेकंदाला १२-१३ हजार स्पंदनं सोडायला जागा मिळते आणि ५-६ हजार हर्ट्झ नीट पकडता येतात. यात असाध्य असं काहीही नाही. उलट प्रसूतिगृहात बाळाचे ठोके ऐकायला सिस्टर जो हातातला छोटा डॉप्लर वापरतात, तोही याच घराण्यातला आहे. त्यात खोली निवडण्याची सोय आणि वेगाचा आलेख नाही, एवढंच. असं असूनही टीसीडीचं आयात यंत्र काही लाखांना पडतं आणि मोठ्या शहरांतल्या मेंदूविकार विभागांतच राहतं.

मला खंत वाटते ती इथे. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत मेंदूवर संशोधन म्हणजे बहुतेक वेळा संगणकावर उतरवून घेतलेल्या परदेशी एमआरआय प्रतिमा आणि त्यांवर चालवलेला ट्यूमर ओळखणारा प्रोग्राम. वर्षामागून वर्ष त्याच प्रतिमा, अचूकतेत अर्ध्या टक्क्याची भर, एक निबंध, एक पदवी. त्यातून विद्यार्थी शिकतो हे मान्य. पण त्याच महाविद्यालयापासून एसटीने जाता येईल एवढ्या अंतरावर अशी मुलं आहेत, ज्यांच्या मेंदूचा एकही संकेत आजवर कोणी नोंदवलेला नाही. त्यांची माहिती कुठल्याही संग्रहात नाही, म्हणून ती कोणाच्या प्रबंधात येत नाहीत.

काम आपल्या आवाक्यातलं आहे. आयआयटी मुंबईत २०१४ पासून ‘बेटिक’ हे जैववैद्यकीय उपकरणांचं केंद्र राज्य शासनाच्याच मदतीने उभं राहिलं आणि नागपूरचं व्हीएनआयटी व पुण्याचं सीओईपी त्याच्याशी जोडलं गेलं. पवईच्या ‘समीर’ या सरकारी संशोधन संस्थेने देशी एमआरआयवर काम केलं आहे. मग २ मेगाहर्ट्झचा एक प्रोब आपल्याला जड का जावा?

खरी अडचण इलेक्ट्रॉनिक्सची नसून धमनी सापडण्याची आहे. हात थोडा हलला की संकेत जातो. ‘स्टॉप’च्या पद्धतीत मुलाच्या डोक्याची रुंदी मोजून, दर २ मिलिमीटरला थांबत धमनीचा माग काढत जायचा असतो. अनुभवी हाताला ते जमतं, नवख्याला घाम फुटतो. म्हणून खोलीचा हा प्रवास यंत्राने आपणहून करावा, डोक्याला बांधायच्या पट्ट्यात अनेक छोटे घटक असावेत आणि त्यांतला कोणता धमनीच्या रेषेत आला ते यंत्राने निवडावं. प्रबंध यावर लिहा. शिवाय मूल जागं हवं, कारण झोपेत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि वेग फसवा येतो. ते रडत नसावं, तापात नसावं, नुकतंच रक्त चढवलेलं नसावं. हे सगळं आईच्या मांडीवर बसलेल्या तीन वर्षांच्या पोरावर जमवायचं आहे, हे डोळ्यांसमोर ठेवून यंत्र घडवा.

देखभाल करणारी म्हणून माझी विनंती: प्रोबच्या वायरकडे सगळ्यात आधी लक्ष द्या. यंत्र बंद पडतं ते बहुतेकदा कनेक्टरजवळ वायर तुटल्यामुळे. वॉरंटी संपलेली असते, देखभालीचा वार्षिक करार (एएमसी) झालेला नसतो, नव्या प्रोबची किंमत ऐकून फाइल थांबते आणि यंत्र कपाटात जातं. वायर बदलता येईल अशी करा, सुटे भाग नागपुरात मिळतील असं बघा. मे महिन्यातल्या चंद्रपूरच्या उन्हात आणि लोडशेडिंगमध्ये ते चालवून बघा. वेग बरोबर दाखवतं की नाही हे तपासायला कृत्रिम प्रवाहाचं फँटम, म्हणजे ठरावीक वेगाच्या प्रवाहाची नकली धमनी, लागतं, तेही इथेच बनवा. यंत्र १८० ऐवजी २०० दाखवू लागलं तर एका निर्धास्त घराला आपण वर्षानुवर्षांच्या रक्ताच्या फेऱ्यांत ढकलू, आणि उलटं झालं तर काय होईल ते सांगायला नको.

आता शासनाशी.

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न पीसीपीएनडीटी कायद्याचा येतो, आणि तो यायलाच हवा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, कायदा करणारं राज्य महाराष्ट्र आहे. १९९४ चा केंद्राचा कायदा त्यानंतरचा. एक स्त्री म्हणून मला या कायद्यात तसूभरही फट पडलेली नको आहे. पण त्याच्या धाकाने यंत्र कोणी चालवायचं, रुग्णालयाबाहेर न्यायचं की नाही, हे प्रश्न अनुत्तरित राहिले तर कुठलाही वैद्यकीय अधिकारी धोका पत्करणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही. टीसीडीचे दोन प्रकार आहेत. एक नेहमीच्या सोनोग्राफी यंत्रावर हृदयाचा प्रोब लावून होतो, त्यात चित्र दिसतं. दुसऱ्यात चित्रच नसतं. पडद्यावर फक्त वेगाच्या लाटा उमटतात. त्याने गर्भाचं काहीही पाहता येत नाही. या दुसऱ्या प्रकारच्या यंत्राबाबत कायदा काय म्हणतो, नोंदणी लागते का, प्रशिक्षित परिचारिका ते चालवू शकते का, याचं एका पानाचं लेखी स्पष्टीकरण विभागाने केंद्राशी बोलून काढावं. त्या एका पानाअभावी सगळं अडतं.

परिचारिकेचा आग्रह मी उगाच धरत नाही. उत्तर नायजेरियात, जिथे सिकलसेलचं ओझं आपल्यापेक्षा कितीतरी मोठं आहे आणि रेडिओलॉजिस्ट मोजकेच, तिथे रेडिओलॉजिस्ट नसलेल्या कर्मचाऱ्यांना टीसीडीचं प्रशिक्षण देऊन प्रमाणित केलं गेलं. त्यांच्या बळावर मोठ्या चाचण्या झाल्या. तिथला २०२२ चा निष्कर्ष आपल्यासाठी फार मोलाचा आहे. वेग जास्त असलेल्या ज्या मुलांना नियमित रक्त देणं शक्य नव्हतं, त्यांना हायड्रॉक्सीयुरिया हे तोंडाने घ्यायचं औषध दिलं आणि झटक्यांचं प्रमाण उपचारांविना अपेक्षित होतं त्यापेक्षा पुष्कळ खाली राहिलं.

हे मोलाचं का, तर वेग २०० च्या वर निघाला तर पुढे काय, हा प्रश्न प्रत्येक डॉक्टर विचारणारच. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त, आणि तेही थांबवता येत नाही. २००५ च्या ‘स्टॉप-२’ या पुढच्या चाचणीत रक्त बंद केलेल्या अनेक मुलांचा वेग पुन्हा वाढला आणि दोघांना झटका आला. भामरागडचं कुटुंब दर महिन्याला गडचिरोलीला, दीडशे किलोमीटरहून जास्त प्रवास करून येणार कसं? पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. वर वारंवार रक्त घेतल्याने शरीरात लोह साठतं, त्याची वेगळी औषधं. म्हणून हायड्रॉक्सीयुरियाचा आधार महत्त्वाचा. २०१६ च्या एका अमेरिकी चाचणीतही दिसलं की काही काळ रक्त घेतल्यानंतर, धमन्यांची फार खराबी नसलेल्या मुलांना या औषधावर नेता येतं. हे औषध आपल्या कार्यक्रमात आधीपासून आहे. म्हणजे इलाज हातात आहे. नाही ती फक्त कोणाला तातडीने गाठायचं हे सांगणारी तपासणी.

एक आक्षेप मी बरेचदा ऐकते: भारतातला सिकलसेल सौम्य, इथे झटके कमी. त्यात तथ्याचा अंश आहे. आपल्याकडच्या अरब-भारतीय प्रकारात गर्भकाळातलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं आणि त्याने काही संरक्षण मिळतं. पण नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदी सांगतात की विदर्भातली अनेक मुलं मुळीच सौम्य आजाराची नाहीत. आणि धोका खरोखर कमी असेल, तर तेही मोजूनच कळेल ना? ऑगस्टाच्या मुलांवरून ठरलेली २०० ची रेघ आपल्या मुलांना तशीच लागू पडते का, हा संशोधनाचा उत्तम विषय आहे. चित्र दाखवणाऱ्या यंत्रावर वेग थोडा कमी येतो, त्यामुळे तिथे रेघ कुठे आखायची हा आणखी एक. आयसीएमआरच्या राष्ट्रीय रक्तविकार संस्थेचं केंद्र चंद्रपुरातच आहे. नागपुरात एम्स आहे, दोन जुनी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. यांनी आणि अभियंत्यांनी एकत्र बसायला विदर्भ सोडावाही लागणार नाही.

डॉप्लरला न दिसणारी इजाही आहे, तिचाही उल्लेख करते. सिकलसेलच्या अनेक मुलांच्या मेंदूत छोटे, मुके झटके येऊन जातात. हातपाय शाबूत, बोलणं शाबूत, पण एमआरआयवर ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठे डाग दिसतात. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींनुसार एसएस मुलांपैकी तिघांत एकाला तरी मोठं होईपर्यंत हे होतं. अशा मुलाचं लक्ष लागत नाही, पाढे विसरतो, दहावीत गळतो. आश्रमशाळेत त्याला मठ्ठ म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे, पण या मुलाची खरी अडचण मेंदूत आहे हे शिक्षकांना सांगणार कोण? गावोगावी एमआरआय नेता येणार नाही हे मला कळतं. पण ज्या मुलाचा वेग जास्त आहे किंवा जे शाळेत अचानक मागे पडलंय, त्याला एमआरआयसाठी रांगेत पुढे घेणं शक्य आहे. भूल न देता, थोड्या मिनिटांत उरकेल असा मुलांसाठीचा छोटा स्कॅन बसवणं हे रेडिओलॉजी विभाग आणि अभियंते मिळून करू शकतात.

तेव्हा मागणी अशी. गडचिरोली, चंद्रपूर आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत कार्यक्रमाच्या यादीतल्या २ ते १६ वर्षांच्या प्रत्येक एसएस मुलाची वर्षातून एकदा टीसीडी व्हावी. सुरुवात जिल्हा रुग्णालयात, उपलब्ध सोनोग्राफी यंत्रावर, या महिन्यातही होऊ शकते. प्रोब नसेल तर तेवढाच घ्यावा लागेल. त्याच वेळी प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयातल्या दोन परिचारिकांना चित्रविरहित यंत्राचं प्रशिक्षण द्यावं आणि देशी यंत्रासाठी राज्याने संशोधन निधी जाहीर करावा, ज्यात नुसता निबंध नको तर तालुक्याच्या दवाखान्यात वर्षभर चाललेलं यंत्र ही अट असेल. येत्या १९ जूनला, जागतिक सिकलसेल दिनी, जिल्ह्यांचा अहवाल मांडताना त्यात दोन रकाने वाढवावेत: २ ते १६ वयाची एसएस मुलं किती, आणि त्यांपैकी किती जणांची टीसीडी झाली. पहिल्या वर्षी दुसऱ्या रकान्यात शून्य लिहावं लागलं तरी तो छापावा.

प्रोबची दुरुस्ती, यंत्रांची तपासणी आणि परिचारिकांचं यंत्रापुरतं प्रशिक्षण यासाठी माझा आणि माझ्या काही सहकाऱ्यांचा वेळ विभागाने हक्काने मागावा. त्याचा मोबदला आम्हाला नको.

आपली नम्र,
विदर्भातील एक जैववैद्यकीय अभियंता